नागोजीरावांच्या चिठ्ठ्या

नागोजीराव पुस्तक परत घेताना मुलांना एकच प्रश्न विचारत. कन्नडमध्ये, "एल्ली तनका?" म्हणजे, कुठपर्यंत? पुस्तक आवडलं का, त्यातून काय शिकलात, असलं काही नाही. मूल सांगे, "पान एक्केचाळीस, अण्णा." मग ते कानावरची पेन्सिल काढत, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूतून कापलेल्या चिठ्ठीवर नाव, वर्ग आणि पान लिहीत, चिठ्ठी त्या पानात ठेवून पुस्तक मिटत आणि म्हणत, "सरी. दुसरं बघ." सरी म्हणजे ठीक आहे. पुस्तक शेवटपर्यंत वाचलं असेल तर चिठ्ठी नाही. शाबासकीही नाही. "सरी. दुसरं बघ," एवढंच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मल्लेश्वरममधल्या त्या इंग्रजी शाळेत शिकवायला लागले. लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आले होते, तिशीची होते, आणि स्वतःच्या कामाच्या पद्धतीवर माझा भलताच विश्वास होता. शाळेचं वाचनालय म्हणजे तळमजल्यावर सायकलस्टँडच्या मागची एक लांबट खोली. चार कपाटं, दोन बाकं, एक टेबल. ग्रंथपालाची जागा कित्येक वर्षं रिकामी होती आणि कागदोपत्री नागोजीराव अटेंडर, म्हणजे शिपाई होते. त्याआधी ते शहर बसवर कंडक्टर होते. एकदा चालत्या बसच्या पायरीवरून पडले, डावा पाय कायमचा आखडला, आणि शाळेच्या ट्रस्टमधल्या कुणाच्या तरी ओळखीनं इथे लागले. कंडक्टरकीच्या सवयी मात्र गेल्या नव्हत्या. खुर्ची असूनही ते टेबलाला पाठ टेकून उभे राहत. मधल्या सुट्टीत मुलांचा लोंढा आला की "मुंदे होगी, मुंदे होगी" करत सगळ्यांना आतल्या कपाटांकडे सरकवत.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "या चिठ्ठ्या कशासाठी?"

त्यांनी एक जाडसर साहसकथा काढून दाखवली. तिसाव्या पानाच्या आसपास सहा चिठ्ठ्या होत्या. "हे बघा अक्का. सहा जणं इथंच उतरलीत. म्हणजे इथं चढ हाय. सातवा येतोय तो म्हणतोय, बघू तरी काय हाय तिथं. मग तो जातोय पुढं."

"पण अशानं पुस्तक अर्धवट सोडायची सवय लागते."

"बसमधली सगळी माणसं शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहिली, तर काय झालं म्हणून विचारावं लागंल की. ज्याचं घर जिथं, तिथं तो उतरणार. चढला होता ना, ते बघायचं."

मला हे गमतीशीर वाटलं. पटलं नाही.

त्यांची मराठीही मला गमतीशीर वाटे. चामराजपेटमधलं त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या तिथलंच. मराठी फक्त घरात, तीही कन्नडमध्ये बुडवून काढलेली. एकदा मी हसून म्हटलं, "नागोजीराव, ही कुठली हो मराठी?"

"तीनशे वर्षांमागची," ते म्हणाले. "तुमच्याकडनंच आणलेली. ठेवून ठेवून स्वल्प गंजली असंल."

पुन्हा मी तो विषय काढला नाही.

पुस्तकांत त्यांच्या स्वतःच्याही चिठ्ठ्या असत. 'नागोजी, अटेंडर, पान १९.' कन्नड ते भराभर वाचत. इंग्रजी ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. दमले की थांबत आणि स्वतःची चिठ्ठी घालत. मुलांना याचं मोठं अप्रूप होतं. अण्णांच्या चिठ्ठीच्या पुढे जाणं हे त्या वाचनालयातलं एकमेव बक्षीस. पाचवीतला एक मुलगा विसावं पान वाचून बाकावर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अण्णांना ओव्हरटेक केलं." नागोजीराव म्हणाले, "सावकाश जा, पुढं वळण हाय. मला काय ठाऊक नाही, पण असणार."

बंगळूरच्या हॉटेलात एक कॉफी दोघांत वाटून पितात, बाय-टू म्हणतात तिला. नागोजीराव पुस्तकंही बाय-टू देत. जाड पुस्तक असलं आणि दोन मुली घेऊ का नको करत घुटमळत असल्या, की पहिला अर्धा एकीनं वाचायचा, दुसरा अर्धा दुसरीनं, आणि शुक्रवारी बाकावर बसून एकमेकींना सांगायचं. मी एकदा अशा दोघींचं बोलणं उभी राहून ऐकलं. दुसरा अर्धा वाचणारीनं पहिल्यात काय झालं असेल याचे इतके तर्क केले होते की पहिलीला आपलं पुस्तक पुन्हा वाचावंसं वाटायला लागलं. "तो चोर आहे? मला वाटलं तो तिचा मामा आहे," दुसरी म्हणत होती. ही त्या शाळेतली मी पाहिलेली सगळ्यात चांगली वाचनाची तासिका होती. तेव्हा मात्र माझ्या मनात एवढंच आलं की दोघींपैकी कोणीच पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही.

त्याच वर्षी मी माझी योजना मांडली. हेडमिस्ट्रेसना आवडली, ट्रस्टला फारच आवडली. प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर कागदाची एक शिडी. पुस्तक संपलं की मुलाच्या नावाचा पुठ्ठा एक पायरी वर. मुलानं कार्ड भरायचं: पुस्तकाचं नाव, पानं, दोन ओळींत सारांश, पालकांची सही. प्रगतिपुस्तकात 'स्वतंत्र वाचन' असा नवा रकाना. पंधरा पायऱ्यांना अ, दहांना ब, त्याखाली क. आणि शाळेत सगळ्यात वर पोचलेल्याला वार्षिक समारंभात ट्रस्टच्या अध्यक्षांच्या हातून बक्षीस.

नागोजीरावांना मी परिपत्रक नेऊन दिलं. त्यांनी बोट धरून वाचलं.

"अर्धं वाचलं तर?"

"अर्ध्याला पायरी नाही."

"बाय-टूला?"

"तेही नाही. कोणी किती वाचलं, ठरवायचं कसं?"

"आणि तिसऱ्या पानावर उतरला त्याला?"

"त्याला काय द्यायचं नागोजीराव? काहीच नाही."

"सरी," म्हणून त्यांनी कागदाची घडी खिशात घातली.

पुस्तकांची देवघेव तिप्पट झाली. मी आकडे काढून सभेत सांगितले. पातळ पुस्तकं कपाटात टिकेनात. एकदा मी खाली गेले तेव्हा दारापर्यंत रांग होती. मी जरा मिजाशीतच विचारलं, "काय म्हणतंय वाचनालय?"

"गर्दी लई हाय अक्का," ते म्हणाले. "पण कुणी खिडकीतनं बाहेर बघत नाही."

तरीही मुलं त्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर देत होती, हे मी त्या दिवशी तिथे उभी राहून स्वतः ऐकलं. एल्ली तनका? पान बारा, अण्णा. पान सत्तर. चिठ्ठ्या पडत होत्या. कार्डावर काय लिहायचं ते वर, माझ्यासाठी. खाली अण्णांसाठी वेगळं. तेव्हा मला त्यात काही विचित्र वाटलं नाही, कारण माझं लक्ष रांगेच्या लांबीकडे होतं.

सहावी ब मध्ये हेमा नावाची मुलगी होती. तीही चामराजपेटची. वडिलांचं लग्नपत्रिका छापण्याचं लहानसं दुकान होतं, नागोजीरावांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. सकाळी दोघं एकाच बसनं येत आणि स्टॉपपासून शाळेपर्यंत बरोबर चालत. म्हणजे ती त्यांच्या लंगड्या चालीनं हळू चाले. हेमा पुस्तकं चाखणारी होती. वीस पानं, अकरा पानं, पन्नास, आणि सोडून दिलं. का सोडलं ते मात्र ती अण्णांना नीट सांगे. "पुढे कुत्रा मरणार असं वाटायला लागलं." "ही मुलगी फारच चांगली आहे." नागोजीरावांना तिचं कौतुक होतं. "ह्या पुट्टीला सगळ्या रस्त्यांची पहिली तीन स्टॉपं ठाऊक हाईत," ते त्या चिमुरडीबद्दल म्हणत.

शिडीवर अर्थातच ती तळाशी. दोन महिने तिचा पुठ्ठा दुसऱ्या पायरीवर होता. वर्गात मुलं हसत. मीही एकदा सगळ्यांदेखत म्हटलं, "हेमा, खाली किती दिवस बसणार? थंडी वाजत नाही?" वर्ग हसला. त्यानंतर तिचा पुठ्ठा चढायला लागला आणि जानेवारीत ती सगळ्यांच्या वर होती. हे माझ्या योजनेचं यश म्हणून मी ट्रस्टला कळवलं.

मग दुसऱ्या क्रमांकावरच्या मुलाचे वडील आले. मोठे गृहस्थ होते, शाळेला देणगी देत. "टीचर, ती मुलगी खरंच सव्वीस पुस्तकं वाचते? तुम्ही खात्री केलीत?"

खात्री न करता काम करणारी म्हणून कोणी माझ्याकडे पाहिलं की मला सहन होत नसे. शनिवारी अर्धी शाळा. नागोजीराव घरी गेल्यावर मी ऑफिसातून किल्ली घेतली आणि हेमाच्या कार्डावरची पुस्तकं एकेक करून काढली. एकोणीस पुस्तकांत तिची चिठ्ठी होती. 'हेमा, ६ ब, पान २३.' 'हेमा, ६ ब, पान ५८.' कार्डावर त्याच पुस्तकांपुढे: पूर्ण. मी चिठ्ठ्या एका पाकिटात भरल्या.

एकच मुलगी दोन माणसांना दोन आकडे सांगत होती. खरा आकडा तिनं कोणाला सांगितला आणि का, हा प्रश्न मला पडला नाही. शोधताना इतर मुलांच्या चिठ्ठ्याही हाती लागल्या. शिडीवरच्या पहिल्या पाचांतल्या सगळ्यांच्या होत्या. त्या देणगीदारांच्या मुलाच्याही. त्या मी जिथल्या तिथे ठेवल्या. तक्रार हेमाबद्दल होती.

सोमवारी मी तिला वर्गापुढे उभं केलं.

"हे अक्षर कोणाचं?"

"अण्णांचं."

"वाच काय लिहिलंय."

तिनं वाचलं. मी तिला एकोणीसही चिठ्ठ्या वाचायला लावल्या. दहाव्या-अकराव्यानंतर तिचा आवाज फक्त पहिल्या बाकापर्यंत पोचत होता.

"अण्णांनी सगळं लिहून ठेवलंय, हेमा. तुला वाटलं, कोणाला कळणार नाही?"

हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. पण चाळीस मुलांनी त्याचा एकच अर्थ घेतला, की चिठ्ठ्या अण्णांनी आणून दिल्या. तो अर्थ मला दिसत होता. मी तो दुरुस्त केला नाही. शनिवारी कपाटं उचकणारी बाई होण्यापेक्षा ते सोयीचं होतं. मग मी तिला तिचाच पुठ्ठा एकोणीस पायऱ्या खाली लावायला सांगितला आणि गणिताच्या बाई दारात आल्या म्हणून निघाले.

दुसऱ्या दिवशी नागोजीराव जिना चढून स्टाफरूममध्ये आले. मी त्यांना वर आलेलं पहिल्यांदाच पाहत होते. दारातच थांबले.

"अक्का, चिठ्ठ्या तुम्ही घेतल्या काय?"

"शाळेच्या पुस्तकांतल्या होत्या नागोजीराव. शाळेच्याच म्हणायच्या."

"पुस्तकं शाळेची," ते म्हणाले. "पोरांनी सांगितलं ते मला. शाळेला नाही."

बाकीच्या शिक्षिका वह्या तपासायच्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, "खोटेपणाला आपण आसरा द्यायचा का?"

"मला तर खरंच सांगितलं की तिनं," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेले.

त्या आठवड्यात मी काही कामानं वाचनालयात होते. त्यांनी सातवीच्या मुलीला विचारलं, "एल्ली तनका?"

"पूर्ण, अण्णा."

पुढचा मुलगा. "पूर्ण." त्याच्या पुढची. "पूर्ण." पहिलीदुसरीतली पोरंसुद्धा पूर्ण म्हणत होती. नागोजीराव प्रत्येकाला "सरी, दुसरं बघ" म्हणत होते. पेन्सिल कानावरून खाली आली नाही. हेमा तर वाचनालयात पायच ठेवत नव्हती, आणि सकाळी आधीच्या बसनं येत होती.

पंधरा दिवसांनी हेमाचे वडील आले. बारीक, गप्प माणूस. बोटांना शाई. ते हेडमिस्ट्रेसना म्हणाले, "माझ्या मुलीला सगळ्यांपुढे खोटारडी म्हटलंय. कशावरून, ते मला बघायचंय." मला बोलावलं, नागोजीरावांना बोलावलं. हेमाला बाहेर बाकावर बसवलं. मी पाकीट टेबलावर ठेवलं.

हेडमिस्ट्रेसनी चिठ्ठ्या चाळल्या. "हे पान मुलांनी तुम्हाला सांगितलं?"

नागोजीराव हात मागे बांधून उभे होते. "नाही मॅडम. मी आपलं अंदाजानं लिहायचो."

"अंदाजानं?"

"पुस्तकावरनं वाटतंय की, कुठवर गेलं असंल पोर. बसून करायचं काय दिवसभर? लिहायचो."

"म्हणजे सगळ्या नोंदी खोट्या?"

"होय मॅडम."

हेमाचे वडील त्यांच्याकडे पाहत राहिले. एका वस्तीतली, रोज भेटणारी माणसं. ते एवढंच म्हणाले, "अण्णा, तुम्ही?"

हेडमिस्ट्रेस माझ्याकडे वळल्या. "तुम्ही वाचनालयात जाता. हे मुलांना विचारून लिहीत होते की नाही?"

मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तसं सांगितलं असतं तर नागोजीराव वाचले असते, हेमा पुन्हा खोटी ठरली असती, आणि मग पहिल्या पाचांतल्या बाकीच्यांच्या चिठ्ठ्या, देणगीदार, बक्षीस, सगळंच बाहेर आलं असतं. मुलीचा विचार करून मी गप्प बसले, असं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. अध्यक्ष पुढच्या महिन्यात शिडी बघायला येणार होते.

मी म्हटलं, "मी नेहमी खाली नसते, मॅडम."

नागोजीरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बहुधा त्यांना याहून वेगळं काही अपेक्षित नव्हतं.

बाहेर बाकावर हेमा होती. मी तिला सांगितलं की श्रेणी परत मिळाली, पायऱ्याही. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मिस, अण्णांनी तुम्हाला का दिल्या?"

'दिल्या नाहीत, मी घेतल्या.' चार शब्द होते.

"झालं ते झालं," मी म्हटलं. "वर्गात जा."

नागोजीरावांना वाचनालयातून काढून स्टोअरमध्ये टाकलं. खडूचे खोके, गणवेशाचं कापड, फिनेलचे डबे. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते. त्यांच्या जागी टायपिंग येणारी एक मुलगी आली आणि तिनं सगळ्या पुस्तकांतल्या चिठ्ठ्या झटकून काढल्या, मीच सांगितलं होतं. वार्षिक समारंभात हेमानं स्टेजवर जाऊन विश्वकोशाचे दोन जाड खंड घेतले. नागोजीराव मागे खुर्च्या मांडत होते. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनीही खुर्ची खाली ठेवून वाजवल्या.

पुढली काही वर्षं शिडी उत्तम चालली. इतकी, की ट्रस्टनं आपल्या दुसऱ्या शाळांसाठी मला एक मार्गदर्शक पुस्तिका लिहायला सांगितली. 'संभाव्य अडचणी' या भागात मी लिहिलं, "वाचनालयातील कर्मचाऱ्यांच्या नोंदी विश्वासार्ह असतीलच असे नाही." लिहून झालं आणि मी पेन खाली ठेवलं. मी सहसा अशी थांबत नाही. त्याच रविवारी संध्याकाळी ऑफिसातून मिळवलेला पत्ता घेऊन चामराजपेटला गेले.

नागोजीराव घराच्या ओट्यावर स्टुलावर बसून शेंगा सोलत होते. केस पार पांढरे झाले होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं असेल तर दिसलं नाही. "या अक्का." सुनेला हाक मारून त्यांनी कॉफी सांगितली. मी कठड्यावर बसले आणि लांबण न लावता बोलले. चिठ्ठ्या मी न विचारता घेतल्या, मुलांना वाटलं तुम्ही दिल्या, मी तसं वाटू दिलं, आणि मॅडमपुढे मी खोटं बोलले.

त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. "हे मला कशाला सांगताय? मला ठाऊकच हाय की."

"माफी मागायला आले होते."

"मागा की. मागितली. झालं." एक शेंग किडकी निघाली, ती त्यांनी रस्त्यावर टाकली. "तिचा बाप म्हणतोय, मी खोटं लिहिलं. ते म्हणू दे, ते मीच सांगितलंय त्याला. पोरगी म्हणतीय, मी चहाडी केली. सहा वर्षं झाली. ह्या दारावरनं कॉलेजला जाती. मान वर करत नाही."

"तुम्ही तिला कधी सांगितलं नाही?"

"काय सांगू? मी नव्हे, तुझ्या टीचरनं केलं? म्हातारा आता टीचरवर ढकलतोय म्हणंल." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "ठाऊक नाही ते तिला. दोन गल्ल्या सोडून डावीकडं दुकान. रविवारी संध्याकाळी तीच बसती. जाऊन सांगा. पाच मिनिटं लागतील."

कॉफी आली. मी प्यायले. त्यांनी घेतली नाही.

"ती आली तर मी बोलंन तिच्याशी," ते म्हणाले. "कळलं तर येईल. शहाणी हाय."

मी निघाले. ते काठी टेकत ओट्याच्या कडेपर्यंत आले आणि हातानं गल्ली दाखवली. त्यांच्या नजरेसमोर मला दुसरीकडे वळणं शक्यच नव्हतं.

दुकान उघडं होतं. हेमा काउंटरमागे पत्रिकांच्या नमुन्यांचा गठ्ठा लावत होती. उंच झाली होती, चष्मा लागला होता. तिनं मला ओळखलं. ओळखून उभी राहिली, शाळेत राहायची तशी.

"नमस्ते मिस. काही छापायचं होतं?"

चेहऱ्यावर राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं. गिऱ्हाईकापुढे असतो तसा चेहरा. मी वाक्य तयार करून आले होते, पण ते बोललं की पुढे ती काय विचारेल तेही मला दिसत होतं. एवढी वर्षं का नाही सांगितलंत?

"एका भाचीचं लग्न ठरतंय," मी म्हटलं. "नमुने बघत होते." भाची नव्हती. तिनं सात-आठ नमुने मांडले, कागदांतला फरक समजावून सांगितला. मी एक पर्समध्ये टाकण्यापुरता मागून घेतला, कळवते म्हटलं आणि बाहेर पडले.

परतीची वाट नागोजीरावांच्या गल्लीच्या तोंडावरूनच होती. ते ओट्यावर उभेच होते. एवढा वेळ. मला पाहून त्यांनी मानेनंच विचारलं, झालं?

मी मान डोलावली.

त्यांनी दोन्ही हात जोडले. शाळेत इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात जोडल्याचं आठवत नाही. मग ते काठीवर वळून आत गेले. मला रिक्षा मिळेपर्यंत ते पुन्हा बाहेर आले होते. आतून दुसरं एक स्टूल आणलं होतं, ते स्वतःच्या स्टुलाशेजारी ठेवून पंच्यानं पुसत होते.